सासूबाईंच्या टाकीसाठी मासे

“तू कोळ्यांची लेक, माशांतलं तुलाच कळणार,” म्हणत शाकाहारी सासूबाईंनी नव्या सुनेला, जागृतीला, शोभेच्या माशांच्या दुकानात नेलं. घरातल्या दोन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मासे निवडायचे होते. लग्नानंतरचं पहिलंच काम; चुकलं तर माहेरचं नाक कापलं जाणार.

जागृती पार गोंधळली. आयुष्यभर तिनं मासे कल्ले उचलून पारखले होते. हे तर काचेआडून तिलाच पारखत होते! दुकानदार म्हणाला, “हा पिवळा वाढून परातीएवढा होतो, तो पट्ट्यांचा शेजाऱ्याला चावतो.”

“मग हा निळा कसा गं?” सासूबाईंनी विचारलं.

“ह्यात नुसते काटेच, आई,” जागृती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

दुकानदार पाठमोरा होताच सासूबाई तिच्या कानाशी कुजबुजल्या, “आणि तो केशरी तळला तर?”