हाताशी चारच डबे

सूनबाई आपल्याला स्वयंपाकघरातून हळूहळू बाजूला सारतेय, अशी मैनाबाईंची खात्रीच पटली होती. ओट्यावरचे सगळे डबे तिनं माळ्यावर चढवले, हाताशी चारच ठेवले. "आई, चहा करा" एवढं म्हटलं तरी पुरे होतं. पण वर्षाराणी आधी म्हणायची, "आई, पाणी ठेवा." मग जरा वेळानं, "आई, आता साखर टाका." मुलगा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर गेला, की बोईसरच्या त्या दोन खोल्यांत तिचंच राज्य.

आज तर ती फोनवर कुणाला तरी उघड उघड सांगत होती, "हाताशी जागा मोजक्याच ठेवू. जास्त ठेवल्या, की त्यातली कुठली वापरायची हे सांगण्यातच सूचना लांबते. आणि एकदम मोठं काम सांगायचं नाही, छोट्या छोट्या सूचना द्यायच्या. जास्त वेळा सांगावं लागतं, पण गोंधळ होत नाही."

चहा टाकता टाकता मैनाबाई तशाच तरातरा आतल्या खोलीत गेल्या. "माझ्याबद्दलच बोलतेस ना? मला काय कळत नाही का?"

वर्षाराणीनं फोन ठेवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "आई, हे प्रोसेसरचं डिझाइन आहे. कॉम्प्युटरच्या आतली चिप असते ना, ती. त्या जागा तिच्यातल्या, सूचनाही तिलाच द्यायच्या. माझं ऑफिसचं काम."

मैनाबाई ओशाळल्या. "मग हे आधी सांगायचं की गं."



"रोज सांगते, आई," वर्षाराणी उठत म्हणाली. "चला, आधी गॅस बंद करू."