आडवी खाच

“तीन महिन्यांपूर्वी मोठं आजारपण झालं होतं का, आजी?”

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचा अंगठा भिंगाखाली धरला होता. म्हातारी आली होती भांडी घासून बोटांना पडलेल्या भेगा दाखवायला. डॉक्टरीणबाई मात्र नखांवरच अडकल्या होत्या. नखाच्या मधोमध एक आडवी खाच. एकाच नखावर नाही, दहाही नखांवर.

“मी धडधाकट होते,” म्हातारी म्हणाली. “माझा लेक गेला.”

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात समजावून सांगितलं. नखाचं मूळ इथे या कातडीच्या आत असतं. जिवंत असतं ते तेवढंच. बाहेर दिसतं ते नख निर्जीव, मुळाने पुढे ढकललेलं. कधी अंगात मोठा ताप भरतो, कधी जिवाला मोठा धक्का बसतो, तेव्हा मूळ आपलं काम थांबवतं. काही दिवसांनी पुन्हा सुरू करतं. थांबल्याची खूण तेवढी खाच होऊन राहते आणि नखाबरोबर पुढे पुढे सरकते. औषध काही नको. टोकाला आली की कापली जाईल.

भेगांचं मलम घेऊन म्हातारी रस्त्याला लागली. अंगठ्याने एकेका बोटाची खाच चाचपत चालली. शिवणकाम करून तिने एकटीने लेकाला वाढवलं होतं. शिवणीवरून बोट फिरवावं तशी ती खाचेवरून फिरवत होती. दुःख तर होतंच, पण आज त्या दुःखाच्या पोटात एक कडवट समाधानही होतं. आता पुरावा होता. आईचं काळीज काय असतं, ते नखानखावर कोरलेलं होतं.

आणि सूनबाईंच्या नखांवर? लाल रंग.

तो रंगच म्हातारीच्या डोळ्यांत सलत होता. लेक गेला त्या दिवशी सुनेने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आल्यागेल्याला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. आठवडा उलटायच्या आत कामावर हजर. अंगठ्यांच्या दुकानात ती काउंटरवर उभी असायची, गिऱ्हाइकाला अंगठी आपल्याच बोटात घालून दाखवायची. तेही एक वेळ चाललं असतं. पोट कुणाला चुकलंय? पण नवरा होता तोवर जिने नखाला कधी रंग लावला नाही, तिने तो गेल्यावर महिन्याभराने लाल बाटली आणली. सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून बसायची. दाराखालून रंगाचा वास यायचा. “सूनबाई लवकर सावरल्या हो,” शेजारीण जिन्यात म्हणाली होती, आणि म्हातारीला उरलेला जिना उतरता उतरेना.

म्हणून तर तिने धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. चार कपडे, लेकाचा फोटो, शिवणाचा चष्मा. आजच सांगायचं होतं. फक्त जाताना काय बोलून जावं ते सुचत नव्हतं. आता सुचलं.

दिवेलागणीला सून आली. चपला काढतानाच तिला पिशवी दिसली. ती पिशवीला वळसा घालून आत आली.

म्हातारीने तिला समोर बसवलं आणि आपले दोन्ही हात टेबलावर पसरले. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. वर आपल्या पदरचंही जोडलं. माणूस लोकांपुढे कसंही वागेल, पण अंग खोटं बोलत नाही. ज्याच्या आत काही हललंच नाही, त्याचं नख गुळगुळीत राहतं. मग म्हणाली,

“आता तुझी बघू. हात दे.”

सुनेने हात दिला नाही. उठून आत गेली. म्हातारीला वाटलं, टाळलंन. पण ती परत आली ती रंगाचा डबा, रंग पुसायचं औषध आणि कापूस घेऊन. खोलीभर उग्र वास पसरला. सुनेने करंगळीपासून सुरुवात केली. एक नख, मग दुसरं. कापूस लाल होत गेला. कापूस बदलला, तोही लाल झाला. शेवटी तिने दोन्ही हात दिव्याखाली धरले.

दहाही नखांवर आडवी खाच होती. म्हातारीच्या नखांवर होती तिथेच, तेवढ्याच अंतरावर. फक्त खोल. अंगठ्यांची नखं तर खाचेपाशी दुभंगली होती. रंगाच्या थरानेच त्यांना इतके दिवस जागेवर धरून ठेवलं होतं.

“काउंटरवर सगळे हातांकडेच बघतात, आई,” सून म्हणाली. “नखांना काय झालं म्हणून एकीने विचारलं. खरं सांगायला गेले, तर वाक्य पुरं होईना. मालक म्हणाले, घरी जाऊन रडून घ्या.” तिने कापसाचे लाल बोळे गोळा केले. “घरी तुम्ही होतात. दोघींनीही रडून कसं चाललं असतं?”

म्हातारी त्या वीस नखांकडे बघत राहिली. दोघींचं सगळं एकाच दिवशी थांबलं होतं.

मग ती उठली आणि पिशवीपाशी गेली. सुनेने मान खाली घातली. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. म्हातारीने लेकाचा फोटो बाहेर काढून टेबलावर उभा केला. कपडे उपसून तळातून शिवणाचा चष्मा काढला, नाकावर चढवला आणि लाल बाटलीचं झाकण फिरवलं.

“उद्या दुकानात जायचंय ना तुला,” ती म्हणाली. “हात दे.”