पहिली तोडणी

"सहा महिने आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. बायकोने, हौसाने, छातीतली गाठ लपवून ठेवली होती, हे रंगनाथला त्या दिवशी कळलं. महिन्याभरात ती गेली.

पाचगणीच्या शेतात दोघांनी तीन वर्षं पांढरी शतावरी, कोंबांची भाजी होते ती परदेशी जात, जोपासली होती. ऊन लागून कोंब हिरवे पडू नयेत म्हणून वरंब्याला भेग दिसली की हौसा माती चढवायची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तोडणीचे कोंब तयार झाले. पहिली भाजी घरची, असं ती म्हणायची, म्हणून रंगनाथने मूठभर कोंब कापून तुपात परतले. चावता चावेनात.

"दाजी, साल नाही का काढली?" मेहुणी म्हणाली. "ताईनं मला कितीदा सांगितलं होतं."

"तुला सगळं सांगायची. गाठीचंही?"

मेहुणी खाली बघू लागली. "शपथ घातली होती. म्हणाली, पहिली तोडणी होऊ दे, मग मीच सांगते त्यांना."

"तोडणी!" रंगनाथने कढई अंगणात भिरकावली. "ह्या काड्यांसाठी मेली ती, आणि तू गप्प बसलीस!"

तोडणीला आलेल्या बायकांना त्याने बांधावरूनच परत धाडलं. बारा वरंब्यांची तोडणी अजून राहिली आहे.