शेवटच्या पानापर्यंत

कुणालनं चौथं पान उलटलं, तेव्हा कीर्तीला वाटलं, आता तरी पुरे करावं यानं. सही चौथ्या पानावरच करायची होती. पुढची तीन पानं म्हणजे नुसती जोडपत्रं. ती कोण वाचतं?

पण वाचायला तिनंच शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी हा सहा फूट नऊ इंचांचा गडी अमरावतीहून टिलबर्गच्या बास्केटबॉल क्लबात आला. कीर्ती क्लबच्या कचेरीत करारमदार बघायची. तिची पहिली ताकीद हीच होती, की या देशात शेवटचं पान वाचल्याशिवाय सही करायची नाही. ती स्वतः नवऱ्याच्या परवान्यावर इथं आलेली. कागदाचं वजन तिला ठाऊक होतं.

आता तो फोनवर एकेक डच शब्द शोधत, ओठ हलवत वाचत होता. जूनचं ऊन उघड्या खिडकीतून आत आलं होतं. अंतर राहावं म्हणून दोघांच्या मधे दोन टेबलं जोडली होती. मघाशी त्यानं हात लांबवून तिच्या पुढ्यातलं पेन सहज उचललं, तेव्हा ती म्हणाली होती, तुझ्यासाठी सरकारनं वेगळं अंतर ठरवायला हवं होतं बघ. तो हसला होता. एवढंच काय ते हसणं.

मार्चमध्ये करोनाची साथ आली आणि हॉलला कुलूप लागलं. प्रेक्षक गेले, तिकिटं गेली. लीगचा नियम असा, की क्लबनं सगळ्या खेळाडूंवर मिळून अमुक इतकाच पगार खर्चायचा. ती मर्यादा यंदा आणखी खाली आणावी, म्हणजे क्लब तगतील, अशी मागणी पुढे आली आणि मान्यही झाली. त्या दिवशी बाराही खेळाडू आपापल्या घरून पडद्यावर जमले. प्रत्येकाचा घास थोडा लहान होणार होता, पण पानावरून कुणी उठणार नव्हतं. टाळ्या वाजल्या. कुणालनंही वाजवल्या.

दुसरा एक नियम मात्र कुणाला आठवलाच नाही. तो लीगचा नव्हता, सरकारचा होता, आणि बारा जणांत एकट्या कुणालला लागू होता. युरोपबाहेरून आणलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगाराहून कमी देता येत नाही. दिला, तर त्याचा कामाचा परवाना जातो. बाहेरच्या माणसाला कुणी स्वस्तात राबवू नये, म्हणून केलेला भला नियम. जात्याची वरची तळी खाली आली, खालची तळी जागची हलेना, आणि मधे एक दाणा.

त्यानं काय कमी विनवण्या केल्या? अर्ध्या पगारात खेळतो म्हणाला. मग म्हणाला, फुकट खेळतो.

"फुकट खेळायलाही परवाना लागतो रे," कीर्ती म्हणाली होती, "आणि परवान्याला पगार लागतो."

कप्तान ब्राम आपला पगार तोडून द्यायला निघाला. पण तो आधीच लीगनं ठरवलेल्या सर्वांत खालच्या पगारावर होता. त्याखाली जायची त्याला मुभा नव्हती. खिशातून देतो म्हणाला, तर तेही मर्यादेतच मोजतात. नियमाला दान चालत नाही.

समोरच्या कागदावर सही झाली, की करार संपून कुणाल 'मुक्त खेळाडू' होणार होता. हव्या त्या क्लबात जायला मोकळा. पण प्रत्येक क्लबावर हीच मर्यादा, हाच परवाना. दावं सुटलं, कुंपण तसंच. त्याच्या नावानं मायदेशी जाणाऱ्या खास विमानाच्या यादीसाठी अर्जही गेला होता. तो कीर्तीनंच भरला होता.

पाचवं पान झालं.

"कुणाल, डबा निवतोय," ती म्हणाली. "आधी खाऊन घे. ही नुसती जोडपत्रं आहेत."

त्यानं डब्याकडे पाहिलं. झाकणावर नेहमीसारखी चिठ्ठी होती. भरली वांगी, गरम करून खा. खाली तिची सही. बँकेत असो की नगरपालिकेत, कीर्ती सही मराठीतच करायची. एप्रिलमध्ये तो चौदा दिवस खोलीत पडून होता, तेव्हा ती दारात असे चौदा डबे ठेवून गेली होती. चौदाही चिठ्ठ्या त्यानं आरशाभोवती चिकटवल्या होत्या. या गावात मराठी अक्षर फक्त तुमच्या हातचं दिसते ताई, असं तो म्हणायचा.

"दोनच पानं राहिली," तो म्हणाला. "तुम्हीच तर सांगता."

सहाव्या पानावर लीगचा ठराव होता. सातव्यावर, ज्या विनंतीवरून तो ठराव झाला, ते एका क्लबाचं पत्र जोडलं होतं. कीर्ती खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर रिकाम्या मैदानावर जाळी नसलेली बास्केटची कडी उन्हात तापत होती.

वाचता वाचता कुणालचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ त्यानं हळूहळू मराठीत लावली.

"'एकाही खेळाडूला क्लब सोडून जावं लागू नये, म्हणून ही विनंती.'" त्यानं मान वर केली. "चांगलं लिहिलंय ताई. मनापासून लिहिलंय कोणीतरी."

मग त्याचं बोट खाली सरकलं. त्या सबंध डच पानावर, अगदी तळाशी, सहीच्या जागी, एकच शब्द मराठीत होता.