चिन्हांची नोटीस

"नोटीस महिनाभर संकेतस्थळावर होती. हरकतींची मुदत काल संपली," भूसंपादन अधिकारी म्हणाले.

कौसल्याताईंनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. नोटिशीत अक्षरं नव्हतीच. नुसते डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं. "वाचा की साहेब!"

"जुना फॉन्ट आहे. आमच्या संगणकावर नीट दिसतो."

"आणि ज्यांच्या जमिनी रस्त्यात जाणार, त्यांनी काय करायचं? मी वीस वर्षं छापखान्यात याच फॉन्टात टाइप केलं, म्हणून मला तरी कळतं!" कौसल्याताई त्या चिन्हांवरून नोटीस मोठ्यानं वाचू लागल्या. कार्यालयाच्या दारात गाव जमलं. आपापला गट नंबर ऐकून एकेकाचा चेहरा उतरला.

अधिकाऱ्यांनी कोरा कागद ओढला. "थांबा. मुदत वाढवून देतो."

"द्या," त्या म्हणाल्या, "पण हातानं लिहून द्या."