धवल्यातलं नाव

उरणच्या पट्ट्यात लग्न लावायचं ते धवलारणीने, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन. ती एक ओळ म्हणणार, मागच्या बाया तीच ओळ उचलणार. नीराबाईने हयातभर अशी लग्नं लावली, पण स्वतःचं नाव कधी मिरवलं नाही. तिच्याच मांडीला मांडी लावून शिकलेल्या केसरने मात्र धवल्याच्या शेवटी आपली एक ओळ जोडली, ‘धवला गाते केसरबाय’. सत्तावन्नच्या लगीनसराईत रेवसपासून पार भाऊच्या धक्क्यापर्यंत जो तो केसरलाच बोलवायला लागला.

नीराबाईचा नुसता जळफळाट. “धवले माजे न् टिमकी तिची,” ती सुनेला म्हणाली. “आता मी बी माजा नाव घालीन.”

केसर मुंबईच्या लग्नात गुंतली, म्हणून शेजारच्या गावचा एक मांडव नीराबाईच्या वाट्याला आला. सगळे धवले तिने मन लावून म्हटले. शेवटी पदर सावरला आणि आवाज चढवला, “धवला गाते नीराबाय.”

मागच्या बायांनी सवयीने ओळ उचलली,


“धवला गाते केसरबाय.”