छाती बेचाळीस

शिवणयंत्राच्या खणातून दादाने तो शर्ट ओढून काढला, तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीत मालिकेतला डॉक्टर नुकताच बाह्या दुमडायला लागला होता. धाकटा तिकडेच बघत होता. कोपऱ्यात शर्टांना गुंड्या लावत बसलेली आईसुद्धा.

"कुणाचा हा?"

पांढरा शर्ट. कॉलर अशी बसलेली, की इतकं सुबक काम वर्षभरात दुकानातून बाहेर पडलं नव्हतं. आत टाचणीने लावलेली मापाची चिठ्ठी: गळा साडेपंधरा, छाती बेचाळीस, कंबर बत्तीस, बाही सव्वापंचवीस. वर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. या दुकानात नावाशिवाय कापडाला कात्री लागत नसे. नियम वडिलांचा, आणि त्यांच्या जागी आता दादा उभा राहायचा.

"नाव सांग त्याचं."

"असाच शिवलाय."

कापड मोजायचा लाकडी गज खांद्यावर बसला, मग कानावर, मग तोंडावर. ओठ फुटला. धाकट्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर शर्टावर रक्त पडू नये म्हणून मान वळवली. दादाला ते दिसलं, आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं.

त्याने शर्ट जमिनीवर फेकला, धाकट्याचा उजवा हात टेबलावर दाबला आणि तापलेली इस्त्री उचलली. "नाव. आत्ताच्या आत्ता. त्याच्या तंगड्या तोडून येतो."

कुठलंही नाव चाललं असतं. पण ज्याचं घेतलं असतं, तो बिचारा संध्याकाळपर्यंत लंगडा झाला असता.

"तो आहे," धाकट्याने टीव्हीकडे हनुवटी केली. "डॉक्टर."

"मला वेडा समजतोस?" इस्त्रीची कड मनगटाला टेकली. चर्र झालं. धाकट्याच्या घशातून आला तो आवाज माणसाचा नव्हता. "बाही सव्वापंचवीस! सव्वा! अंगाला टेप लावल्याशिवाय पाव इंच कळतो का कुणाला?"

"त्याला कळतो!" आई धडपडत उठली, तिने दादाचं मनगट धरलं. "बाजूला घे ती आधी. रोज सांगतो मला. मालिकेतल्या वकिलाचं पोट सुटायला लागलंय, इन्स्पेक्टरची छाती अडतीस, आणि ऐट बघा. मी पण म्हणते, डॉक्टरचे खांदे काय देखणे आहेत. म्हणून काय मला पण भाजणार? खोटं वाटतंय ना, तुझं माप विचार."

धाकटा कण्हत होता. दादाकडे न बघताच बोलला.

"गळा सोळा. छाती एक्केचाळीस. कंबर उन्हाळ्यात छत्तीस होती, आता साडेसदतीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. लहानपणी गच्चीवरून पडलास ना, तेव्हापासून. तुझ्या प्रत्येक शर्टात मी तिथं आतून एक घडी जास्त घालतो. बाहेरून दिसत नाही."

दादाचा रिकामा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. बोटांनी चाचपलं. घडी होती.

धाकट्याला वाटलं, सुटलो.

"म्हणजे खरंच," दादा अगदी हळू म्हणाला. "म्हणजे तू खरंच असा बघत बसतोस. पुरुषांकडे."

धाकट्याने मान खाली घातली नाही.

दादाने इस्त्री वायरीसकट उपटली आणि डॉक्टरच्या तोंडावर भिरकावली. चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला. काळ्या, फुटक्या चौकटीतून डॉक्टर कुणाला तरी समजावत होता, टाके मुळीच दुखणार नाहीत. दादा दाराला लाथ घालून बाहेर पडला.

आईने आधी ओलं फडकं धाकट्याच्या मनगटाला गुंडाळलं. मग जमिनीवरचा शर्ट उचलला, काचा झटकल्या, उजेडाकडे धरून वरून खाली नीट पाहिला. कोपऱ्यातली सुई घेऊन ती त्याच्याजवळ टेकली.

"ओवून दे. मला दिसत नाही."

"आता कशाला, आई?"

"खालची गुंडी राहिलीय."

धाकट्याने भाजलेल्या हातानेच सुई धरली. दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला.